उंची शाईसाठी चार-पाच पट पैसे द्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा-सात वर्षे साध्या निळ्या शाईने लिहिणाऱ्या एका वाचकाने नुकतेच सोन्याच्या निबचे चांगले पेन घेतले आहे. पेन उंची असेल तर शाईही उंचीच भरली पाहिजे, साध्या शाईने ते खराब होईल, असे त्यांना एकापेक्षा अधिक लोकांनी सांगितले आहे. मात्र ती शाई नेहमीच्या शाईच्या चार-पाच पट महाग आहे, आणि तेवढे पैसे देऊन नेमके काय मिळते, हे त्यांना बाटली घेण्याआधी समजून घ्यायचे आहे.

मी गेली पंचवीस वर्षे फाउंटन पेन दुरुस्त करण्याचे आणि निब जुळवण्याचे काम करतो आहे. माझे उत्तर आधीच सांगतो. फाउंटन पेनासाठीच बनवलेली, विश्वासातल्या कंपनीची साधी शाई आपल्या नव्या पेनाला कोणतीही इजा करणार नाही. जादा किमतीचा बराचसा भाग रंगासाठी, बाटलीसाठी आणि नावासाठी असतो, आणि थोडाच भाग लिहिताना जाणवणाऱ्या गुणांसाठी. त्यामुळे महाग शाई घेणे मला दोनच परिस्थितींत योग्य वाटते. एक, साधी शाई करू शकत नाही असे एखादे ठराविक काम आपल्याला तिच्याकडून हवे आहे आणि ते कोणते, हे आपल्याला शब्दांत सांगता येते. दोन, तिचा रंग आपल्याला इतका आवडला आहे की ती बाटली आपण तळापर्यंत वापराल. या दोन्हींपैकी काहीच नसेल, तर ते पैसे चांगल्या कागदावर खर्च करावेत, आणि तसे मी का म्हणतो हे पुढे येईलच.

आधी शाईत असते काय, ते पाहू. तिचा बहुतांश भाग पाण्याचा असतो. त्यात विरघळलेला रंग, पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे द्रव्य, निबच्या टोकाशी शाई लगेच वाळू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखे ओलावा धरून ठेवणारे द्रव्य, बुरशी रोखणारे द्रव्य आणि आम्लता ताब्यात ठेवणारे काही क्षार असतात. स्वस्त बाटलीतही हीच यादी असते आणि महाग बाटलीतही. फरक पडतो तो रंगाच्या निवडीत, त्याच्या प्रमाणात आणि या सगळ्यांचा तोल किती काळजीने साधला आहे त्यात. पार्कर कंपनीने १९३१ मध्ये क्विंक बाजारात आणली, तेव्हा ‘लवकर वाळणारी शाई’ सुचवणारे ‘क्विक’ आणि ‘इंक’ हे इंग्रजी शब्द जोडूनच तिचे नाव तयार केले होते, कारण त्या काळी ग्राहकाला शाईकडून हवे होते ते एवढेच. शाई ही मुळात नित्याच्या वापराची वस्तू आहे, आणि तो तोल साधण्याचे काम कंपन्यांना फार पूर्वीपासून जमलेले आहे. म्हणूनच पेलिकनची ४००१ मालिका, वॉटरमनची निळी किंवा क्विंक यांसारख्या शाया आजही इतक्या भरवशाच्या आहेत. दुरुस्तीनंतर पेन नीट चालते की नाही हे तपासण्यासाठी मी स्वतः अशीच एखादी साधी निळी शाई भरतो. ती नीट उतरली नाही, तर दोष शाईत शोधण्याऐवजी पेनात शोधायचा, एवढी खात्री ती देते.

आता ‘साध्या शाईने पेन खराब होते’ या भीतीविषयी. हा समज इतका पसरला आहे की त्यावर जरा थांबणे आवश्यक आहे. माझ्याकडे तुंबलेली जी पेने येतात, त्यांत स्वस्त निळ्या शाईचे बळी फार थोडे असतात. बहुतेक वेळा कारण निघते ते पेन भरून महिनोन् महिने तसेच ठेवल्याचे. पाणी उडून जाते, रंग मागे राहतो आणि फीडच्या, म्हणजे निबखालच्या शाई पोचवणाऱ्या भागाच्या, बारीक चिरांत घट्ट बसतो. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी एक सुंदर पेन आणून दिले. त्याच्या फीडमध्ये सोनेरी कणांचा थर इतका जमला होता की निब आणि फीड वेगळे करून ब्रशने साफ करावे लागले. त्यात भरलेली शाई त्यांच्या संग्रहातली सर्वांत महाग शाई होती. कंपनीची काही चूक नव्हती. चमकणारे कण असलेली शाई स्थिर ठेवली की कण तळाशी बसणारच, हा तिचा स्वभाव आहे, आणि ती भरून पेन तीन महिने खणात पडून राहिले होते.

किंमत आणि सुरक्षितता यांचा संबंध नसतो, याचे जुने उदाहरण पार्करच्याच इतिहासात आहे. १९४१ मध्ये आलेल्या पार्कर ५१ या पेनाबरोबर कंपनीने त्याच नावाची खास शाई काढली. ती कागदावर फार लवकर वाळत असे, पण तीव्र अल्कधर्मी होती, आणि ती फक्त याच पेनात भरावी अशी सूचना कंपनीनेच दिली होती. इतर पेनांच्या भागांना ती सोसत नसे. म्हणजे नामवंत कंपनीची, खास म्हणून विकली जाणारी शाईसुद्धा चुकीच्या पेनात घातक ठरू शकते.

पेनाला खरा धोका असतो तो वेगळ्याच शायांपासून. चित्रकलेची, लाखेचा अंश असलेली काळी शाई फाउंटन पेनात कधीही भरू नये. ती आत वाळली की पाण्याने निघत नाही. त्या खालोखाल त्रास देतात त्या रंग ठासून भरलेल्या शाया. गडद जांभळ्या, गुलाबी आणि काही झगझगीत निळ्या शाया पारदर्शक पेनाच्या टाकीवर कायमचा डाग सोडतात, आणि यांतल्या कित्येक शाया महागच असतात. दोन शाया एकमेकींत मिसळणेही टाळावे, कारण एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी असली तर रंगाचा साका होऊन बसू शकतो. शाई बदलताना पेन कोमट पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. एवढी शिस्त पाळली तर साध्या शाईने पेन आयुष्यभर टिकते.

मग महाग शाई लिहिताना खरोखर वेगळी जाणवते का? काही वेळा जाणवते. पण लोक ज्याला ‘गुळगुळीतपणा’ म्हणतात, तो बव्हंशी शाई किती सढळ उतरते यावर ठरतो. पृष्ठताण कमी असलेली शाई फीडमधून सहज वाहते, निबखाली ओला थर तयार होतो आणि निब कागदावर घासल्यासारखी वाटत नाही. पायलट कंपनीने २००७ मध्ये सुरू केलेल्या इरोशिझुकु मालिकेचे नाव झाले ते रंगांइतकेच या सढळ उतरण्यामुळे. कोरडे लिहिणारे, ओळीच्या सुरुवातीला अडखळणारे पेन अशा शाईने कधीकधी एकदम सुधारते, आणि तेवढ्यासाठी जादा पैसे देणे मी समजू शकतो. मात्र हाच गुण ओल्या लिहिणाऱ्या पेनात दोष ठरतो. तिथे अक्षर जाड होते, साध्या कागदावर शाई फुटते आणि पानाच्या पाठीमागे उमटते. पेलिकनची पेने सढळ लिहिणारी असतात आणि त्याच कंपनीची ४००१ शाई उतरायला आखडती मानली जाते, ही जोडी एकत्र उत्तम चालते. शाईची निवड पेनाच्या स्वभावाकडे पाहून करायची असते, म्हणजे कोरड्या पेनाला सढळ शाई आणि ओल्या पेनाला आखडती. हे जुळवताना बाटलीवरची किंमत काहीच सांगत नाही. वॉटरमनची साधी निळी शाईसुद्धा सढळच उतरते.

आपले पेन नवे आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. नवे पेन अडखळत असेल तर शाई बदलण्याआधी ते एकदा भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्याने आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. कारखान्यातल्या तेलकटपणाचा अंश राहिलेला असतो आणि शाई त्यावरून नीट सरकत नाही. पेन बिघडलेले आहे असे समजून माझ्याकडे आणलेली कितीतरी नवी पेने केवळ धुऊन परत दिलेली आहेत.

ज्या एका बाबतीत मी वाचकांना शाईकडे गंभीरपणे पाहायला सांगतो, ती म्हणजे टिकाऊपणा. साधी धुऊन जाणारी निळी शाई पाण्याच्या थेंबाने पुसट होते आणि उन्हात फिकी पडते. तिचा रंग रासायनिक खोडपेनाने नाहीसा होतो, आणि शाळकरी वापरासाठी तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. सही, करार, रोजनिशी, पुढच्या पिढीला द्यायची पत्रे, भिंतीवर लावायचे लेखन यांसाठी ती योग्य नाही. माझ्या थोरल्या बहिणीने मला लिहिलेले एक पत्र मी चौकट करून खिडकीसमोरच्या भिंतीवर लावले होते. जांभळ्या शाईतला तो मजकूर काही वर्षांत इतका विरला की आज त्यातल्या अनेक ओळी मला केवळ आठवणीने वाचाव्या लागतात. योग्य शाई आणि काचेवर पडणारे ऊन यांचा विचार तेव्हा मी केला असता, तर ते पत्र आज शाबूत असते.

टिकाऊ शायांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला हिराकस आणि मायफळ यांच्यापासून बनणाऱ्या जुन्या शाईचा. हिराकशीतले लोह आणि मायफळातले टॅनिन यांचे संयुग हवेतल्या ऑक्सिजनने काळे पडते आणि कागदाच्या तंतूंत रुतते. लिहिताना निळी दिसणारी ओळ काही वेळाने करडी-काळी होते, ती यामुळेच. युरोपातली शतकानुशतकांची दस्तऐवजी याच शाईत लिहिलेली आहे. आज फाउंटन पेनासाठी मिळणाऱ्या अशा शाया पुष्कळ सौम्य केलेल्या असतात, तरी त्या आम्लधर्मी असतात. सोन्याच्या निबला त्यांचे भय नाही, पण साध्या पोलादी निबमध्ये आणि मुलाम्याच्या भागांत त्या फार काळ ठेवू नयेत. दुसरा प्रकार न विरघळणाऱ्या सूक्ष्म रंगकणांचा. सेलरची किवागुरो आणि प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक या काळ्या शाया त्याची चांगली उदाहरणे आहेत. वाळल्यावर त्या पाण्याला दाद देत नाहीत आणि उन्हात फिक्या पडत नाहीत. हे कण फीडमध्ये अडकू नयेत इतके बारीक आणि शाईत तरंगते ठेवणे हे कौशल्याचे काम आहे, त्यामुळे इथे जादा किंमत मोजण्यात मला गैर वाटत नाही. अट एवढीच की पेन रोज वापरात हवे आणि दर काही आठवड्यांनी धुतले जायला हवे.

टिकाऊपणासाठी दरवेळी महागच शाई लागते असेही नाही. पेलिकनच्या ४००१ मालिकेतली निळी-काळी शाई लोहयुक्त आहे आणि ती त्या कंपनीच्या साध्या मालिकेतच मोडते. रोरर अँड क्लिंगनर या जर्मन कंपनीच्या सालिक्स आणि स्कॅबिओसा याही लोहयुक्त शाया आहेत. याउलट कित्येक उंची शाया केवळ रंगासाठी बनवलेल्या असतात आणि पाण्याचा एक थेंब पडला की वाहून जातात. महाग आहे म्हणून टिकेल, असे गृहीत धरून कोणी मृत्युपत्रावर सही करू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

आता रंगाकडे येतो, कारण बहुतेक माणसे महाग शाई रंगासाठीच घेतात आणि त्यात कमीपणाचे काहीच नाही. चांगल्या मिश्र रंगाच्या शाईत एकाच अक्षरात फिकट आणि गडद छटा दिसतात. काहींमध्ये वाळल्यावर निळ्यावर तांबूस किंवा हिरव्यावर लालसर तकाकी येते. रंगाचे रेणू कागदात न मुरता पृष्ठभागावर थर धरून वाळतात, तेव्हा ही तकाकी दिसते. काहींमध्ये सोनेरी किंवा रुपेरी कण असतात. एर्बँ या फ्रेंच कंपनीच्या १६७० मालिकेतल्या एमराल्ड ऑफ शिव्होर या शाईत हिरवट-निळा रंग, लाल तकाकी आणि सोनेरी कण असे तिन्ही एकत्र आहे, आणि ती पहिल्यांदा कागदावर पाहिली तेव्हा मीही बराच वेळ पान तिरके धरून बघत राहिलो होतो.

पण हा सगळा देखावा दिसण्यासाठी दोन गोष्टी लागतात. निब रुंद आणि ओली हवी, आणि कागद कमी शोषणारा हवा. बारीक निबने, छपाईयंत्राच्या साध्या कागदावर लिहिले तर छटा दिसत नाहीत, तकाकी येत नाही, आणि हाती उरतो तो एक निळा किंवा हिरवा रंग, जो चौथ्या हिश्शाच्या किमतीतल्या बाटलीतही मिळाला असता. जाहिरातीत दिसतात ते नमुने बहुधा रुंद पट्ट्याने किंवा कापसाच्या बोळ्याने, उत्तम कागदावर ओढलेले असतात. ते पाहून घेतलेली शाई पेनात वेगळीच दिसते. माझ्याकडे येणाऱ्यांची सर्वांत मोठी निराशा हीच असते. म्हणूनच मी म्हणालो की आधी कागदावर खर्च करावा. ५२ ग्रॅम वजनाच्या पातळ तोमोए रिव्हर कागदावर साधी निळी शाईसुद्धा दोन छटांत दिसते, आणि तसा दुसरा कोणताही घट्ट पोताचा कागद मिळाला तरी चालेल. कागद बदलून जो फरक डोळ्यांना दिसतो, तो साध्या कागदावर शाई बदलून क्वचितच दिसतो. तकाकीचा एक तोटाही लक्षात ठेवावा. पृष्ठभागावर राहिलेला तो रंग पूर्णपणे वाळल्यासारखा होत नाही, आणि दमट हात लागला की पान माखते. नोंदी भरभर लिहून वही मिटणाऱ्याला किंवा डाव्या हाताने लिहिणाऱ्याला अशी शाई रोजच्या कामात सुख देणार नाही.

हिशेब तसा सोपा आहे. एका लहान कार्ट्रिजमध्ये (शाई भरूनच मिळणारी नळी) किंवा कन्व्हर्टरमध्ये (बाटलीतून शाई ओढून पुन्हा भरता येणारी नळी) सुमारे ०.८ मिलीलीटर शाई मावते असे धरले, तर ५० मिलीलीटरच्या बाटलीतून साधारण बासष्ट वेळा पेन भरता येते. दर पाच दिवसांनी पेन रिकामे होत असेल तर ती बाटली दहा महिने पुरते. तीन शाया आलटून पालटून वापरल्या तर अडीच वर्षे. चार पट किमतीची बाटलीसुद्धा दहा महिन्यांवर पसरली की रोजचा खर्च फार वाटत नाही, हे उंची शाईच्या बाजूने म्हणता येते आणि ते खरे आहे. याच हिशेबाने कार्ट्रिज मात्र महाग पडतात. सहा कार्ट्रिजच्या दहा डब्या एकत्र केल्या तरी ४८ मिलीलीटरच शाई होते, म्हणून नियमित लिहिणाऱ्याने बाटलीच घ्यावी. किमती ताडताना बाटलीचा आकारही पाहावा. डायमाइन ८० आणि ३० मिलीलीटरच्या बाटल्या देते, इरोशिझुकु आणि पेलिकनची एडेलस्टाइन ५० मिलीलीटरची असते, आणि सेलरच्या काही शाया फक्त २० मिलीलीटरमध्ये येतात. दोन बाटल्यांची किंमत सारखी दिसली तरी मिलीलीटरमागचा दर दुपटीहून अधिक वेगळा असू शकतो.

या हिशेबातली अडचण एवढीच की तो बाटली संपते असे गृहीत धरतो. माझ्या कपाटात एके काळी अकरा बाटल्या जमल्या होत्या. त्यांतल्या दोनच पूर्ण संपल्या, आणि दोन्ही साध्या निळ्या होत्या. बाकीच्यांतल्या एकीत बुरशी धरली आणि एक आटून इतकी दाट झाली की फेकून द्यावी लागली. तेव्हापासून मी एका वेळी तीनपेक्षा जास्त शाया ठेवत नाही. मर्यादित काळासाठी निघणाऱ्या शायांबाबत तर मी विशेष सावध राहायला सांगतो. ‘पुन्हा मिळणार नाही’ या घाईने घेतलेली शाई आवडली, तर ती संपल्यावर खरोखरच पुन्हा मिळत नाही, आणि नाही आवडली तर ती कपाटात पडून राहते.

उंची शाईच्या बाटलीची सोय मात्र मी मान्य करतो. सपाट तळाच्या साध्या बाटलीत पातळी खाली गेली की जाड निब शाईत पूर्ण बुडत नाही आणि शेवटची शाई पेनात ओढता येत नाही. इरोशिझुकुच्या बाटलीच्या तळाला मधोमध खळगा आहे, ज्यात उरलेली शाई गोळा होते. अर्थात, एक अरुंद कुपी आणि बोथट सुईची पिचकारी जवळ असली तर कोणत्याही बाटलीतला शेवटचा थेंब वापरता येतो.

आपण निर्णय कसा घ्यावा, याची माझी पद्धत सांगतो. तीन शायांचे दोन ते पाच मिलीलीटरचे नमुने मिळवावेत. आपली नेहमीची निळी शाई हा त्यांच्यासोबतचा चौथा नमुना. प्रत्येक शाई त्याच पेनात, मधे पेन नीट धुऊन भरावी आणि आपण रोज वापरता त्याच कागदावर पूर्ण एक पान लिहावे. दोन-चार ओळींवरून काही कळत नाही, कारण भरल्या भरल्या पेन नेहमीपेक्षा ओले लिहिते. पान उलटे करून पाठीमागे काय उमटले ते पाहावे. टोपण लावून पेन तीन दिवस आडवे ठेवावे आणि चौथ्या दिवशी पहिल्याच रेघेला शाई उतरते का ते पाहावे. वाळलेल्या मजकुरावर पाण्याचा एक थेंब टाकून मिनिटभराने टिपकागदाने टिपावा. एक पट्टी अर्धी झाकून उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवावी. शेवटी ती चारही पाने, नावे पाठीमागे पेन्सिलीने लिहून, घरातल्या कोणाकडून तरी मिसळून घ्यावीत आणि नावे न पाहता कोणते पान आवडते ते ठरवावे. या परीक्षेत आपल्याच साध्या शाईचे पान निवडणारी माणसे मी अनेकदा पाहिली आहेत. काहींनी मात्र एका उंची शाईवरच बोट ठेवले, आणि त्यांना मी ती बाटली घ्यायला लगेच सांगितले.

आपल्या बाबतीत, पेन नवे आहे आणि कागद कोणता आहे हे आपण लिहिलेले नाही, म्हणून पहिला महिना नेहमीच्या निळ्या शाईनेच लिहावे. पेनाचा स्वभाव कोरडा आहे की ओला, हे तेवढ्यात कळेल आणि नमुने निवडायला त्याचा उपयोग होईल. सह्या आणि रोजनिशी याच पेनाने करायची असेल तर तीनपैकी एक नमुना लोहयुक्त शाईचा असू द्यावा. परीक्षेत एखादी शाई ठामपणे पुढे आली तर तिची मिळेल ती सर्वांत लहान बाटली घ्यावी, लेबलावर पेन्सिलीने तारीख घालावी, आणि दुसऱ्या बाटलीचा विचार मनात आला की आधी तिची पातळी किती खाली गेली आहे ते पाहावे.